पाऊस, कष्टकरी आणि आपला टाका

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नंदुरबार येथे केलेले भाषण)



दर वर्षी या मेळाव्यात वक्त्याने समाजाच्या उन्नतीविषयी चार शब्द बोलावेत, विद्यार्थ्यांना उपदेश करावा आणि आभार मानून खाली बसावे, असा आपला परिपाठ आहे. तो मोडण्याची आमची इच्छा नाही. परंतु कार्यकारिणीने या वेळी आम्हांस विषयाचे स्वातंत्र्य दिले आणि आम्ही, आपल्या शिंपी समाजाच्या माणसाला शोभेल असा, अगदी साधा विषय निवडला. पावसात उभे राहून काम करणाऱ्या माणसाचे अंग कोरडे कसे राहते, आणि राहत नसेल तर का राहत नाही, एवढाच तो विषय. या प्रश्नात आपल्या सुईचा हात किती आहे हे आम्हांला ज्या दिवशी कळले, तो दिवस आम्ही अद्याप विसरलेलो नाही. तेव्हा प्रथम तीच हकिगत सांगतो.

१९७८ सालच्या सुमाराची गोष्ट. नंदुरबार त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. आमचे दुकान तीर्थरूपांच्या हाती होते आणि आम्ही नुकतेच स्वतंत्रपणे कापड बेतू लागलो होतो. विसरवाडीच्या पुढे कोंडाईबारीच्या घाटात रस्त्याचे काम चालू होते. तेथील मुकादम मृगाच्या आधी दुकानी आला आणि बारा रेनकोट शिवून मागितले. रबर चढविलेले जाड कापड त्याने स्वतःच आणून दिले. तीर्थरूपांच्या मनात हे काम घ्यावयाचे नव्हते. "हे कापड आपल्या हातचे नाही," असे ते म्हणाले. पण तरुणपणी हाताला जो माज असतो तो आम्हांला होता. आम्ही कोट शिवले, आणि दिसावयास ते फार झोकदार झाले. खांद्याला, बाहीला, पाठीला दुहेरी टीप. बारा कोटांत एक टाका वाकडा नाही.

आषाढात मुकादम परत आला. एक शब्द न बोलता त्याने ओला कोट आमच्यासमोर फळीवर उलटा करून टाकला. आतल्या अंगाला, खांद्याच्या शिवणीवर, पाण्याचे थेंब ओळीने उभे होते. प्रत्येक टाक्याला एक थेंब. आम्ही मोठ्या अभिमानाने मारलेली दुहेरी टीप पाण्याने पुन्हा आखून दाखविली होती. मुकादम अहिराणीत एवढेच म्हणाला, "मास्तर, पानी कापडमाईन नही, तुमना टाकास्माईन उनं."

तीर्थरूप काही बोलले नाहीत. त्यांनी समोरच्या सायकलवाल्याकडून पंक्चरच्या सोल्युशनची डबी मागविली, कापडाच्या उरलेल्या पट्ट्या कापल्या आणि बाराही कोटांच्या शिवणी आतून चिकटवून दिल्या. मजुरीचे पैसेही परत केले. मात्र जे लोक तोवर पंधरा-वीस दिवस घाटात भिजले होते, त्यांचे ते दिवस कोणाला परत करता आले नाहीत.

पुढे पुष्कळ वर्षांनी आमच्या वाचनात आले की या अपराधात आम्ही एकटे नव्हतो. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी चार्ल्स मॅकिंटॉश नावाचे रसायनज्ञ होते. दगडी कोळशापासून दिव्याचा वायू काढताना जो टाकाऊ माल उरतो, त्यातून नॅप्था नावाचे द्रव्य निघते. त्यात रबर विरघळवून तो लेप दोन कापडांच्या मध्ये भरावा आणि दोन्ही कापडे दाबून एकजीव करावीत, अशी युक्ती त्यांनी काढली व १८२३ साली तिचे पेटंट घेतले. कापडातून पाण्याचा थेंब जात नव्हता. पण ते कापड गावोगावच्या शिंप्यांच्या हाती गेले, त्यांनी नेहमीप्रमाणे सुईने शिवले, आणि कोट गळू लागले. दोष कापडाच्या माथी आला. शेवटी कारखानदारांना कोट आपल्याच देखरेखीखाली शिवून त्यांच्या शिवणी लेप देऊन बंद कराव्या लागल्या. म्हणजे मँचेस्टरचा शिंपी आणि नंदुरबारचा शिंपी, दोघेही एकाच भोकातून घसरले! आमच्या तीर्थरूपांनी वापरलेले सायकलचे सोल्युशन म्हणजे तरी काय, रबर विरघळविलेला तोच लेप. त्यांनी मॅकिंटॉशचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही.

त्या पहिल्या कोटांची आणखी एक खोड होती. थंडीत ते फळीसारखे ताठ होत आणि उन्हात चिकट होऊन त्यांना दुर्गंधी सुटे. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना रबरात गंधक घालून ते तापविण्याची रीत सापडली, तेव्हा ही खोड गेली. आपल्या देशात हा धंदा स्वदेशीच्या भावनेतून उभा राहिला. कलकत्त्यास सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली जो कारखाना काढला, त्याचे 'डकबॅक' हे नाव आपल्यापैकी वडील मंडळींना चांगले स्मरत असेल. बदकाच्या पाठीवर पाणी ठरत नाही, यावरून ते नाव ठेवले गेले. आपण मराठी माणसे त्याच अर्थी अळवाचे पान म्हटले असते.

अळवावरचे पाणी हा शब्दप्रयोग आपण क्षणभंगुरतेसाठी वापरतो. पण शिंप्याने त्या पानाकडे दुसऱ्या दृष्टीने पाहावे. पानाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात व त्यांवर मेणाचा पातळ थर असतो. थेंबाला पसरावयास आधारच मिळत नाही. तो गोळा होऊन घरंगळतो. कापडाच्या बाबतीतही पाणी अडविण्याचे दोन मार्ग आहेत, आणि त्यांची गल्लत आपल्या ग्राहकांकडूनच काय, आपल्याकडूनही होते. एक मार्ग मॅकिंटॉशचा: कापडाची सर्व छिद्रे बुजवून टाकावयाची. दुसरा अळवाचा: छिद्रे मोकळी ठेवून धाग्याला असे काही लावावयाचे की पाणी त्याला चिकटणार नाही. पहिल्याने पाणी पुरते अडते, पण वाराही अडतो. दुसऱ्यात वारा खेळतो, पण पाऊस जोराचा झाला किंवा कापडावर दाब पडला की पाणी आत शिरते. डोक्यावर वा खांद्यावर ओझे वाहणारा माणूस नेमका ओझ्याखालीच का भिजतो, याचे कारण हेच. छत्रीचे कापड आतून बोट टेकवीपर्यंत गळत नाही, हा अनुभव प्रत्येकाने घेतला असेल.

हा दुसरा मार्ग घरी करून पाहण्याजोगा आहे, म्हणून भगिनींसाठी सांगतो. जाड सुती कापड साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून पिळावे आणि नंतर तुरटीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवावे. साबण आणि तुरटी यांच्या संयोगाने धाग्यावर एक न विरघळणारा, मेणचट थर बसतो. असे कापड भुरभुर पावसाला चांगले तोंड देते आणि वाराही येऊ देते. काही धुण्यांनंतर पुन्हा तोच विधी करावा लागतो. जुने मेणकापड मात्र पहिल्या मार्गाच्या जवळचे. पश्चिमेकडील खलाशी कापडावर जवसाच्या तेलाचे हात देऊन ते वाळवीत, आणि त्यांचे पिवळे कोट पिवळे होत ते त्या तेलामुळेच. जवस आपल्या प्रांतात पिकतो, म्हणून कोणास हा प्रयोग करावासा वाटेल. त्यांनी एक सावधगिरी अवश्य घ्यावी: जवसाच्या तेलाची फडकी बोळे करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशी फडकी आपोआप पेटतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. पश्चिमेस नवापूरकडे आणि उत्तरेस अक्राणीच्या डोंगरात पाऊस धो धो कोसळतो, आणि नंदुरबार-शहाद्याच्या सपाटीवर तोच हात आखडता घेतो. नवापूरच्या खाचरांत बाया दिवसभर वाकून भाताची लावणी करतात. चांदसैलीच्या घाटात दरड कोसळली की रस्त्यावरचे मजूर भर पावसात माती उपसतात. सुरत-भुसावळ लोहमार्गावर पावसाळ्यात रात्रीची गस्त असते. हातात दिवा घेऊन रूळ तपासत मैलोगणती चालणारा तो माणूस वाहून गेलेली खडी वेळीच पाहतो म्हणून आपण गाडीत निर्धास्त झोपतो. विजेच्या खांबावर चढणारा वायरमन, टपालवाला, पाड्यापाड्यांवर औषधे घेऊन जाणारी आशाताई, ढोरे राखणारा पोर, या सर्वांना पाऊस थांबण्याची वाट पाहता येत नाही. आणि आपल्या नंदुरबारची मिरची! पथारीवर लाल मिरची वाळत पडलेली असताना अवकाळी पाऊस आला की पहिली धाव तिच्यावर ताडपत्री ओढण्याची असते. ओढणाऱ्या बायांच्या अंगावर काही नसते. (ताडपत्री हा शब्द ताडाच्या पानावरून आला की इंग्रजी टारपॉलिनवरून, याचा वाद पंडितांनी घालावा. मिरचीला मिळते आणि माणसाला मिळत नाही, एवढेच आम्ही नोंदवितो.)

ही माणसे वापरतात काय? कोकणात आणि घाटमाथ्यावर इरले असे. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्यांमध्ये पाने दाबून बसविलेले, पालथ्या होडीसारखे, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारे. धनगर-ठेलारी बांधवांचे घोंगडे असे. त्याच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. लोकर मोठी गुणी वस्तू आहे. तिच्या अंगी मूळची स्निग्धता असते, आणि आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटात घेऊनही ती हाताला ओली लागत नाही. पण मुसळधार पावसात भिजलेले घोंगडे खांद्यावर बाळगणे हे स्वतंत्र कामच होऊन बसते. आपल्याकडे सर्वत्र दिसते ती गोणपाटाची खोळ. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला की झाली खोळ. आता तागाच्या पोत्याची जागा खताच्या प्लॅस्टिकच्या गोणीने घेतली आहे, पण घडी तीच. त्याशिवाय बाजारातून आणलेला प्लॅस्टिकचा कागद गळ्याशी गाठ मारून पांघरतात. तो एका पावसाळ्यातच बांधाबांधावर चिंध्या होऊन पडतो.

या खोळीकडे आपण शिंपी लोक तुच्छतेने पाहत आलो. तिला ना माप, ना बेत, ना टाका. परंतु आम्ही तिच्याकडे नीट पाहिले आणि आम्हांस आमच्या शहाणपणाची लाज वाटली. खोळीत डोक्यावर दुहेरी थर येतो, म्हणजे पाऊस जेथे सर्वांत जोराने आपटतो तेथेच. खांद्यावर शिवण मुळीच नाही. पुढून ती मोकळी असते, म्हणून वाकून काम करणाऱ्याचे हात अडत नाहीत. आणि खालून मोकळी असते, म्हणून अंगाची वाफ बाहेर निघून जाते. इरल्याचेही तेच. ज्याने कोणी ते प्रथम बांधले, त्याने लावणी करणाऱ्या माणसाची पाठ पाहून बांधले.

वाफेची ही गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण रेनकोटाचा खरा वैरी पावसाइतकाच घामही आहे. माणूस स्वस्थ बसला असता त्याच्या अंगातून सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर पडते, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका विजेच्या दिव्याइतकी. कुदळ मारताना ती तीन-चार पटींनी वाढते. ही उष्णता अंगाबाहेर टाकण्यासाठी घाम येतो. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर घाम जाणे नवलाचे नाही. घाम वाळला तर अंग निवते. पण हवाबंद कोटात तो वाळणार कोठे? तो कोटाच्या आतल्या अंगाला थेंब होऊन बसतो आणि पुन्हा अंगावर उतरतो. तासाभराने मजूर म्हणतो, बाहेरून भिजायचे ते आतून भिजलो, आणि कोट काढून बांधावर ठेवतो. मालकाला वाटते, यांना वस्तूची किंमत नाही! पुढे काम थांबले, वारा सुटला, की हेच ओले कपडे अंगातील ऊब ओढून घेतात. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. संध्याकाळी हुडहुडी भरते ती यामुळे.

यावर पाश्चात्त्यांनी तोडगा काढला आहे. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्याने ताणून त्याचा असा पातळ पापुद्रा केला की त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याचा थेंब जाऊ शकत नाही, पण वाफ जाते. गिर्यारोहकांचे महागडे कोट या कापडाचे असतात. आपल्याकडील काही सुशिक्षित तरुण आम्हांस विचारतात, "काका, हेच कापड मजुरांना का देऊ नये?" किमतीचा प्रश्न आहेच. पण त्याहून मोठी अडचण हवेची आहे. वाफ आतून बाहेर जाते ती आत जास्त आणि बाहेर कमी असेल तर, जसे पाणी उताराने वाहते तसे. घामेजलेल्या अंगाजवळ ३५ अंश तापमानाला एक घनमीटर हवेत सुमारे ४० ग्रॅम वाफ मावते. थंड देशात ५ अंशाच्या हवेत जेमतेम ७ ग्रॅम मावते, तेव्हा तेथे उतार ३३ ग्रॅमांचा झाला. आपल्या श्रावणात हवा २६ अंशांची आणि पाण्याने तुडुंब, म्हणजे २४ ग्रॅम वाफ बाहेरच हजर. उतार उरला १६ ग्रॅमांचा, निम्म्याहून कमी. शिवाय कापडावर चिखल-मातीचा थर बसला, वरचा पाणी न धरणारा हात झिजला, की तेही श्वास घेईनासे होते. तो हात देण्यासाठी जी फ्लोरिनयुक्त रसायने वापरीत आले, ती माती-पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या नष्ट होत नाहीत असे आढळून आल्याने आता निराळीच चिंता उत्पन्न झाली आहे. सारांश असा की हिमालयात जे कापड चांगले, ते नवापूरच्या खाचरात तितकेच चांगले ठरेल असे मानू नये. येथे वाफ घालविण्याचे काम कापडापेक्षा बेताने करावयाचे आहे. कोठे मोकळे सोडावयाचे, कोठे झाकावयाचे, शिवण कोठे आणावयाची, हे ठरविणे शिंप्याचे काम.

आणि येथेच आम्ही समाजाला दोष देतो, स्वतःलाही धरून. तयार कपड्यांनी आपला धंदा बुडविला, ही तक्रार या व्यासपीठावरून आपण प्रतिवर्षी ऐकतो. ती खोटी नाही. ज्या गल्लीत सकाळपासून यंत्रांचा आवाज असे, तेथे आज एखादे यंत्र फाटके दुरुस्त करण्यापुरते चालते. परंतु तयार रेनकोट कोणासाठी बेतलेला असतो, हे आपण पाहिले काय? तो मोटारसायकलवर ताठ बसणाऱ्या, विजार घालणाऱ्या पुरुषासाठी असतो. लावणी करणारी बाई तो घालून वाकली की मानेशी फट पडते आणि पाणी पाठीच्या पन्हळीतून सरळ खाली येते. पुढची बटणे ताणतात. कड चिखलात लोळते. आत लुगड्याचा ओचा मावत नाही. जिच्या अंगावर सर्वांत जास्त पाऊस पडतो, तिचे माप आजवर कोणी घेतलेच नाही. बाजाराने घेतले नाही हे समजण्याजोगे आहे. आपण का घेतले नाही? माप घेणे हाच तर आपला धंदा.

गेल्या दोन पावसाळ्यांत आम्ही व आमच्या चिरंजीवांनी मिळून काही नमुने केले, ते आज सभागृहाबाहेर ओसरीवर टांगले आहेत. त्यांत नवे असे काही नाही. आपल्या घराघरांत तान्ह्या मुलासाठी जी कुंची शिवतात, तीच मोठी केली आहे. लेप दिलेल्या नायलॉनचा एकसंध तुकडा कपाळापासून पाठीवरून गुडघ्याच्या वरपर्यंत येतो. खांद्यावर शिवण नाही. जी एक शिवण टाळता आली नाही, ती डोक्याच्या मागे घेतली आहे आणि तिच्यावर झालर सोडली आहे, म्हणजे पाणी तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच ओघळून जाते. पुढून छातीपर्यंत झाकते, त्याखाली मोकळे. मनगटाला अडकविण्यासाठी दोन्ही बाजूंस नाड्यांचे फास आहेत, नाही तर वाऱ्याने ते शिडासारखे फुगते. ओझे वाहणाऱ्यांसाठी खांद्यावर दुसरा थर लावला आहे. लोहमार्गावर गस्त घालणाऱ्यासाठी बेत करावयाचा झाल्यास कान झाकू नयेत. त्याला मागून येणारी गाडी ऐकू आली पाहिजे. आणि रस्त्यावर काम करणाऱ्याच्या पाठीवर दिव्याच्या उजेडात चमकणारी पट्टी हवीच.

शिवणीविषयी दोन शब्द तरुण कारागिरांसाठी बोलतो. सुई दोऱ्यापेक्षा जाड असते, म्हणून प्रत्येक टाक्याभोवती पोकळी राहणारच. जाड सुती कापडाला सुती दोराच वापरावा. तो भिजला की फुगतो आणि आपले भोक आपणच बुजवितो. दोऱ्याला मेण ओढून घेतले तर अधिक बरे. या फुगण्याच्या गुणावर इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात एक कापडच बनविले होते. थंड समुद्रात पडलेले वैमानिक काही मिनिटांत गारठून मरत. त्यांच्यासाठी मँचेस्टरच्या संशोधकांनी लांब धाग्याच्या कापसाचे इतके घट्ट विणीचे कापड काढले की ते भिजताच धागे फुगून छिद्रे मिटत, आणि कोरडे असता त्यातून वारा जाई. त्याला व्हेंटाइल म्हणतात. रबर नाही, लेप नाही; केवळ आपला कापूस. नायलॉनवर मात्र सुती दोरा लवकर कुजतो. तेथे पॉलिएस्टरचा दोरा घ्यावा, आणि तो फुगत नसल्याने शिवण आतून फीत चिकटवून बंद करावी. टाके फार दाट घालू नयेत. दाट टाका म्हणजे मजबुती, असे आपण शिकलो. पावसाच्या कपड्यात दाट टाका म्हणजे चाळण. दोन्ही काठ एकमेकांत दुमडून घेतलेली चपटी शिवण करावी, आणि दुमड अशी ठेवावी की तिचे तोंड खालच्या दिशेला राहील. कौले घरावर चढवितात तशी. उलटी दुमड म्हणजे पाणी साठविण्याची पन्हळ. शिवून झाल्यावर ग्राहकाला देण्यापूर्वी शिवणीखाली टिपकागद धरून वरून तांब्याभर पाणी ओतून पाहावे. तेवढे आम्ही त्या वेळी केले असते, तर मुकादमाला घाटातून खाली यावे लागले नसते.

खर्चाचे विचाराल, तर बाजारच्या हलक्या रेनकोटाहून ही कुंची थोडी महाग पडते, हे लपविण्यात अर्थ नाही. मजुरी धरली तर अधिकच. म्हणून आमची कार्यकारिणीला विनंती अशी आहे की उन्हाळ्याच्या सुटीत, ज्या घरी यंत्र रिकामे आहे अशा पाच-सहा घरांनी एकत्र बसून हे काम घ्यावे, कापड एकदम आणावे, आणि शक्य तेथे शेतमालकांनीच आपल्या मजुरांसाठी ते विकत घ्यावे असा आग्रह धरावा. आपल्या समाजातही आता शेतमालक झालेले पुष्कळ आहेत. ते पुढील रांगांत बसलेले आम्हांला दिसतात. त्यांनी मिरचीच्या ताडपत्रीचा खर्च कधी वायफळ मानला नाही.

नमुना अजून पुरता साधलेला नाही. गेल्या आषाढात नवापूर तालुक्यातील एका खाचरावर आम्ही चार कुंच्या वापरावयास दिल्या होत्या. संध्याकाळी परत घ्यावयास गेलो, तेव्हा तिघींनी बरे आहे म्हणून सांगितले. बरे आहे हे लोक आम्हां म्हाताऱ्यांच्या तोंडावर म्हणतच असतात. चौथी बाई वयाने मोठी होती. तिने कुंची अंगावरून काढली नाही. तशीच पाठमोरी झाली, पुन्हा लावणीला वाकावे तशी वाकली, आणि मागची कड हाताने ओढून दाखविली. "दादा, वाकल्यावर ही पुढं येते आणि चिखलात बुडते. चार बोटं आखूड करा. आणि गळ्याशी नाडी नको, हात चिखलाचे असतात, गाठ सुटत नाही. बटण द्या, मोठं." आम्ही खिशातून फीत काढली आणि बांधावर उभे राहून तिचे माप घेतले. ओसरीवर डाव्या बाजूस जो निळा नमुना टांगला आहे, तो तिच्या मापाचा आहे. कड चार बोटे आखूड केली आहे. बटण अजून मनासारखे मिळालेले नाही. कोणाच्या दुकानी ओल्या हाताला सापडेल असे मोठे, गंज न धरणारे बटण असल्यास जेवणापूर्वी आम्हांस भेटावे.